पहिल्या पायरीचं औषध

प्रिय सेकंद,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. तिकडे तू सर आहेस, डॉक्टरसाहेब आहेस, औषध समितीचा अध्यक्ष आहेस. पण लहानपणी तू एका जागी ठरत नव्हतास म्हणून आईने तुला सेकंदकाटा केलं आणि मी सगळं सावकाश करते म्हणून मला तासकाटा. ते नाव काही माझ्या तोंडातून जात नाही. परवा फोनवर तुला बैठकीची घाई होती, माझं बोलणं अर्ध्यावर राहिलं. पत्रही माणूस अर्ध्यावर सोडू शकतो, पण ते निदान टेबलावर पडून राहतं, पुन्हा उचलता येतं. म्हणून लिहायला बसले.

माझं ठीक चाललंय. ठीक म्हणजे रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे उभी राहून दिवसभर लोकांची बोलणी खाते. तुमची औषधसूची माझ्या उजव्या हाताला असते, कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली. तिच्याविरुद्ध मला एक अक्षर बोलायचं नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू कपाळाला आठ्या घालून पुढचं वाचणारच नाहीस. सूची नव्हती ते दिवस मी पाहिलेत. सकाळी ज्या कंपनीचा माणूस डॉक्टरांच्या खोलीत गोड बोलून गेला, त्या कंपनीची गोळी दुपारी प्रत्येक चिठ्ठीवर यायची. आतलं औषध तेच, वरची नावं ढीगभर, आणि गरिबाच्या गळ्यात नेमकी महागातली मारली जायची. तुम्ही जाणकारांनी बसून, कुठलं औषध खरंच गुण देतं, कुठलं सोसवतं, कुठलं सगळ्यांना पुरेल, हे ताडून पाहिलं आणि तो बाजार उठवलात. खिडकीशी कोणी भांडायला आलं की मीच तुमची वकिली करते. आधी पहिल्या पायरीचं औषध, त्याने भागलं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं की दुसऱ्या पायरीचं. हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन.

आईचे हात दुखायला लागले तेव्हाही मीच तिला हे समजावलं. तू तेव्हा परिषदेला गेला होतास. सकाळी तिची बोटं उघडायची नाहीत. घड्याळांच्या दुकानाचं शटर वर ढकलायला ती शेजारच्या चपलावाल्याला बोलवायला लागली, तेव्हा मी तिला धरूनच आमच्या सांधेदुखीच्या डॉक्टरणीकडे नेलं. संधिवात निघाला, सांधे कुरतडणारा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. खिडकीशी मीच त्या तिच्या हातात ठेवल्या. तिने काय विचारावं? या आपल्या सेकंदाच्या यादीत आहेत का? मी म्हटलं, आहेत, पहिल्याच आहेत. तिचा चेहरा असा काही उजळला की दुखणं अर्धं तिथेच गेलं असं वाटावं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येईल त्याला सांगायला लागली की माझं औषध माझ्या मुलाने निवडलंय. तुझी मुलाखत आली होती ते वर्तमानपत्राचं पान तिने काउंटरच्या काचेखाली सरकवलंय हे तुला माहीत आहे. गिऱ्हाईक पट्टा निवडायला वाकलं की आधी तू दिसतोस.

सुरुवातीला बरं वाटलंही. मग गोळी घेतली की दुसरा सगळा दिवस मळमळ, तोंडाला चव नाही, आणि बोटं पुन्हा जिथल्या तिथे. तेव्हा तिने तुला फोनवर सांगितलं होतं. आठवतंय का? मी शेजारीच बसले होते. हात अजून दुखतात रे, एवढंच म्हणाली. आणि तू म्हणालास, आई, या गोळ्या बहुतेकांना लागू पडतात, नियमित घेतल्या की झालं. तू काही वावगं बोलला नाहीस. शंभरातल्या कुठल्याही पेशंटला जे सांगशील ते आईला सांगितलंस. पण तिने ऐकलं ते वेगळंच. तिला वाटलं, बहुतेकांना जमतं ते मला जमत नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. त्या दिवसापासून तिने तुझ्यापाशी दुखण्याचं नाव काढलं नाही. आणि तू दर वेळी विचारतोस काय, तर गोळ्या लागू पडतायत ना? असा 'ना' लावून विचारलं की समोरच्याला हो म्हणण्यावाचून दुसरं काय उरतं? तुझ्या समितीत असा प्रश्न कोणी विचारला असता तर तू त्याला धारेवर धरला असतास.

आता तपासणीच्या दिवशीचं सांगते. त्या सकाळी आई दोन्ही हात थंड पाण्याच्या बादलीत बुडवून बसते, म्हणजे सूज ओसरते. वर दुखण्याची एक गोळी, जी तिला घ्यायला मनाई आहे, ती मला चुकवून घेते. मग इस्त्रीची साडी नेसून, केस नीट विंचरून, लग्नाला निघाल्यासारखी डॉक्टरणीसमोर बसते. डॉक्टरीण विचारते, शून्य ते दहात किती दुखतं? आई म्हणते, छे, कुठे काय, एक म्हणा हवं तर. आणि तुमच्या नियमात रुग्णाने स्वतः सांगितलेल्या या आकड्याला सगळ्यात जास्त वजन. तसं असायलाच हवं, दुखणं ज्याचं त्याला कळतं. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात हे आलंच नाही की एखादी बाई खोटं सांगेल ते औषध मिळवायला नाही, औषधाचं नाव वाचवायला. एकदा मी मधे तोंड घातलं. सगळं सांगितलं, बादलीसुद्धा. तर आई डॉक्टरणीकडे बघून हसली आणि म्हणाली, हिला लहानपणापासून वाढवून सांगायची सवय आहे. मी या वयात, माझ्याच रुग्णालयात, कान धरून उभी केल्यासारखी तिथे उभी.

त्या डॉक्टरणीला मात्र रक्ताच्या तपासणीवरून थोडी शंका आली. माझ्या आग्रहाखातर तिने दुसऱ्या पायरीच्या इंजेक्शनसाठी तुमच्याकडे अर्ज केला. अर्ज परत आला. पहिल्या पायरीला प्रतिसाद समाधानकारक, तेच चालू ठेवावे. खाली तुझी सही, तीच लांब शेपटीची, जी तू शाळेच्या वहीत गिरवत बसायचास. तुमच्याकडे अर्ज नावं झाकून येतात हे मला माहीत आहे, म्हणून त्या सहीचा राग मी धरला नाही. राग आला तो परवा. मी फोन केला, तो अर्ज आईचा होता म्हणून सांगितलं. तर तू समितीतलं बोलायला लागलास. माझ्या आईसाठी वेगळा नियम केला तर उद्या दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू? बरोबर आहे तुझं. अगदी बरोबर आहे, म्हणूनच जास्त झोंबलं. वेगळा नियम मागितला होता कोणी? आणि वर काय म्हणालास? ताई, तू उगाच घाबरतेस, तिने आत्ताच तर माझं घड्याळ दुरुस्त करून पाठवलं, केसाएवढी स्प्रिंग बसवणारे हात वाईट कसे असतील? त्यावर मी काही बोलायच्या आत तुझी बैठक लागली.

तर ऐक. तुझ्या मनगटावरचं घड्याळ आईने दुरुस्त केलेलं नाही.

तू डॉक्टर झालास तेव्हा तिने स्वतः जुळवून दिलेलं ते चावीचं घड्याळ बंद पडलं, तू कौतुकाने तिच्याकडे पाठवलंस. तिने ते उघडलं. डोळ्याला भिंग लावलं, चिमटा धरला, आणि चिमटा बोटांत ठरेना. बाबा होते तेव्हा गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला ते आणि चिमटा धरायला ही, असं ते दुकान चालायचं. आपली वह्या-पुस्तकं, तुझं वसतिगृह, सगळं त्या चिमट्याच्या टोकावरून आलं. तुला फोनवर भाग मिळत नाही, भाग मागवलाय असं सांगत राहिली. तू एकदा वैतागलासही, एवढ्याशा घड्याळाला इतका वेळ का म्हणून. शेवटी ती ते रुमालात गुंडाळून पुलाजवळच्या घड्याळवाल्याकडे घेऊन गेली. तोच, ज्याला ती आयुष्यभर हातोडीवाला म्हणत आली, ज्याने हात लावलेलं घड्याळ आलं तर आधी नाक मुरडायची आणि मग उघडायची. त्याच्या दारात ती गेली. मला हे त्यानेच सांगितलं. रक्तदाबाची गोळी न्यायला खिडकीशी आला होता. गोळ्या मोजून होईपर्यंत घुटमळला आणि हळूच म्हणाला, तुमच्या आईंनी कोणाला सांगू नका म्हटलंय, पण मला राहवत नाही, त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं तेव्हा मला त्यांच्या हातांकडे बघवेना. त्याने त्या कामाचं काही घेतलं नाही म्हणे. मी पुढच्या माणसाला हाक मारायचीसुद्धा विसरले.

दुकानात ती आता फक्त पट्टे बदलते, तेही गिऱ्हाइकाकडूनच पिन काढून घेऊन. उघडायचं काम आलं की भाग मिळत नाही म्हणून परत पाठवते. लोकांना वाटतं, म्हातारीचा माल संपला. डाव्या हाताची बोटं वाकली ती वाकलीच, ती आता सरळ होणार नाहीत, हे तुला मी सांगायला नको. उजवा अजून वाचेल असं डॉक्टरीण म्हणते, औषध वेळेवर बदललं तर. मी आईला हात जोडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. तिने ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी परवा तुझा फोन झाल्यावर मी रडायला लागले, तेव्हा ती माझ्या पाठीवरून हात फिरवत, म्हणजे हाताची मागची बाजू फिरवत, तळवा काही टेकत नाही तिचा, म्हणाली, अगं, एवढ्या लोकांना त्याने हे औषध लावून दिलंय, आणि त्याच्या आईनेच ते चालत नाही म्हणून सांगितलं तर त्याला कोण विचारील? म्हणजे ती तुला पाठीशी घालतेय रे. शेजाऱ्याची काच फोडून यायचास आणि ती दारात उभी राहून म्हणायची, माझा मुलगा घरातच होता, तसं.

मला तुझी सही नको. नियम वाकवायला नको, ओळख नको, नाव उघडं करून अर्ज तर मुळीच नको. गुरुवारी तिची पुढची तपासणी आहे, पाण्याची बादली तिने आत्ताच न्हाणीघरात वेगळी काढून ठेवलीय. तू बुधवारी ये. बैठक असेल तर मोड, जग बुडत नाही. दुकानात जा, तिच्यासमोरच्या स्टुलावर बस. हातातलं घड्याळ काढ, तिच्या उजव्या हातात दे आणि म्हण, आई, चावी देऊन दे. कुठलाही प्रश्न विचारू नकोस, नुसतं बघ. ती चावी तिच्याच्याने फिरणार नाही. मग समितीचा अध्यक्ष म्हणून नाही, तिचा सेकंद म्हणून तिला सांग की आई, माझं औषध तुला लागू पडलं नाही, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. हे ती माझ्याकडून ऐकणार नाही, डॉक्टरणीकडून ऐकणार नाही. तू म्हणालास तरच ती गुरुवारी बादलीला हात लावणार नाही, आणि शून्य ते दहात खरं काय ते सांगेल. तुझ्या नियमाला तेवढंच पुरेसं आहे.

वाट बघतेय. रागावलेली, पण तुझीच,

ताई