शिशाची धूळ

४ फेब्रुवारी
उजवं मनगट उचलत नाही! हात पुढे केला की पंजा लोंबतो, ओल्या मोज्यासारखा. वर्कशॉपमध्ये निळी काच हातातून पडली. जुनी काच, आता तशी कुणी करत नाही. मालक ओरडले नाहीत. "काच गेली तर गेली. हात दाखव आधी." उपकार त्यांचे.

६ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेने निळसर रेघ आहे म्हणे. काम काय करता? रंगीत काचांच्या जुन्या खिडक्या दुरुस्त करते — शिशाच्या पट्ट्या उकलायच्या, काचेच्या कडेला भरलेली, वाळलेली लांबी खरवडायची, नव्या पट्ट्या बसवायच्या. "आणि जेवता कुठे?" त्याच टेबलावर. त्यांनी लगेच रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिली. पोटातली कळ, तोंडातली धातूची चव — वर्षभर मी पित्ताच्या गोळ्या खातेय!

९ फेब्रुवारी
रक्तात शिसं. भरपूर. औषध सुरू. हाडांत साठलेलं सावकाश सुटेल, वर्षं लागतील. आणि हात? "बहुतेक परत येईल." त्या 'बहुतेक'ला धरून घरी आले.

१२ फेब्रुवारी
नवरा माझी वेणी घालतो. नणंद बघतच राहिली. "दादा, आईकडे असताना स्वतःचा टॉवेल तरी कधी वाळत घातलास का रे?" "बाईसाहेबांनी वळण लावलं," तो म्हणाला.
लावायला कुठे लागलं! मी दमून येते म्हणून माझे कामाचे कपडे लग्नापासून तोच धुतो. एप्रन आधी बाथरूममध्ये दार लावून झटकतो — धूळ घरभर नको. मग शिंका! एकामागून एक. मी बाहेर हसत बसते. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

२ मार्च
अंगठा हलला.

२१ मार्च
मनगट उचललं! टेबलापासून जेमतेम बोटभर. त्याने भांडी टाकून साबणाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मग पोट धरून खाली बसला. "तुझ्यासारखीच कळ येते हल्ली." नकलाकार मेला!

२४ मार्च
डॉक्टरीणबाई खूश. मी निघता निघता म्हणाल्या, "कामाचे कपडे कोण धुतं?" मी अगदी कौतुकाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "उद्या त्यांना घेऊन या."

२७ मार्च
त्याचा रिपोर्ट आला. माझ्यापेक्षा जास्त.
मी कामावर नाकाला फडकं बांधायचे. तो नुसता शिंकायचा.