भरेच्या चौकात भावी शास्त्रज्ञ

४ जून
लेकीला, आरोहीला, लॅबमध्ये रोगांवर संशोधन करायचंय. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी हवी म्हणते. म्हटलं, थांब. भरे गावातले निम्मे प्लॉट मी विकून दिलेत, डिग्रीसुद्धा मीच बघणार. वरच्या खोलीतला शेखर उरवड्याला औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तो म्हणाला, मायक्रोबायोलॉजी चालेल, बायोटेकही चालेल, पुढं एम.एस्सी. लागेलच, कॉलेजची लॅब तेवढी बघा. भाडेकरूचं किती ऐकायचं?

८ जून
पुण्यात कॉलेजं पाहिली. पहिलं रोड टच, फ्रंटेज झकास. दुसऱ्याला कंपाउंड नाही. आरोहीच्या आवडीचं कॉलेज बोळात, पार्किंग शून्य. रिजेक्ट. लॅब बघायच्या राहिल्या. जेवणाची वेळ झाली होती.

१२ जून
फायनल! बायोमेडिकल इंजिनिअरिंग. मेडिकलही आलं, इंजिनिअरिंगही आलं. सगळ्या पाहुण्यांना फोन केले. मग आरोही म्हणाली, बारावीला तिनं गणित घेतलंच नव्हतं. हे मला कोणी सांगायचं?

२२ जून
बोळातल्या कॉलेजच्या यादीत आरोहीचं नाव लागलं. ॲडमिशनला सोमवार शेवटचा. मोठ्या मनानं परवानगी दिली. चौकात फ्लेक्स लावायचा: ‘भावी शास्त्रज्ञ आरोही’. तिचा फोटो, वर ‘मार्गदर्शक’ म्हणून माझा, जरा मोठा. टक्के चुकू नयेत म्हणून ओरिजिनल मार्कशीटच फ्लेक्सवाल्या किशोरकडं देऊन आलो.

२४ जून, सोमवार
कॉलेजनं ओरिजिनल मार्कशीट मागितली. ती किशोरच्या दुकानात. दुकानाला सुट्टी, किशोर सासुरवाडीला, फोन बंद. सीट गेली. आरोही बोलली नाही, जेवलीही नाही. बायको मात्र बोलली. पुष्कळ.
चूक किशोरची आहे. सोमवारी दुकान बंद ठेवणारा माणूस कधी वर येणार नाही.

२६ जून
फ्लेक्स छापून आला. वाया कशाला घालवायचा? लावला. गाव अभिनंदन करतंय, मी स्वीकारतोय. आरोही हल्ली मागच्या वाटेनं जाते-येते.

३ जुलै
बायकोनं आरोहीला उरलेल्या जागांसाठी पुन्हा अर्ज भरायला लावला होता. दुसऱ्या यादीत त्याच कॉलेजला नाव लागलं. मार्कशीट बायकोच्या पर्समध्ये. मला फक्त गाडी चालवायला नेलं. पार्किंग नाही, बोळाला चकरा मारत बसलो. आधीच सांगत होतो! अखेर दोघी हसत बाहेर आल्या. ॲडमिशन झाली. जीव भांड्यात पडला. म्हटलं, मी आत यायला हवं होतं का?
आरोही म्हणाली, “आप्पा, तुमी आत न्हाई आला, म्हणून तर झालं.”
गमतीत म्हणाली असेल. पण तेव्हा हसत नव्हती.
संध्याकाळी फ्लेक्स मीच उतरवला. शेजारचा कोंडिबा शेळ्यांच्या छपराला मागत होता. त्यानं मापात दुमडला, तर आरोहीचा फोटो आत गेला. वर मी एकटाच राहिलो, मार्गदर्शक. खाली शेळ्या.