घरी समज द्यावी

७ ऑगस्ट, सोमवार

आज मी एका मुलीला हलवलं. दोन्ही खांदे धरून, गदागदा. सोळा वर्षांत कुठल्याही पोराला रागाने हात लावला नव्हता – आणि आज!

भागाकार समजावत होते, तिसऱ्यांदा. "कळलं?" म्हटलं तर ढगाबाई माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघतेय. "कळलं का?" ढिम्म. "अगं, तुझ्याशी बोलतेय मी!" तरी ढिम्म! बाहेर पंप चालू, आत एकोणीस मुलं, त्यात पाच वाजलेले. माझं डोकं सणकलं.

तेवढ्यात मागून किंकाळी. आमचं घड्याळ, म्हणजे मागच्या बाकावरची मुलगी! "ती बंद आहे! बंद असताना हात लावायचा नाही!" कानांवर हात ठेवून तेच तेच, दहा-बारा वेळा. शेवटी शेजारच्या खोलीतून केंद्रप्रमुख बाई धावत आल्या.

ढगाबाई तोवर माझ्याकडे बघून हसत होती. "हो बाई, कळलं," म्हणाली.

 यांना सांगितलं नाही.

८ ऑगस्ट

आज सकाळभर स्वतःची समजूत घातली. शाळा सुटल्यावरचा वर्ग आमचा, साडेतीन ते सहा. कुणाला अक्षरं उलटी दिसतात, कुणाला जरा आवाज झाला की रडू येतं, एक चाकाच्या खुर्चीत, आणि काही नुसतीच मागे पडलेली. या सगळ्यांना एकटी सांभाळायची म्हटल्यावर एखाद्या दिवशी माणसाचा तोल जाणारच! ढगाबाई तर त्या मागे पडलेल्यांतली. नऊ वर्षांची, गुटगुटीत, गोड. डोकं कायम ढगात, म्हणून नाव मीच पाडलं. सगळा वर्ग तेच म्हणतो. तीही हसते.

ही समजूत पावणेचारपर्यंत टिकली.

घड्याळ माझ्याजवळ आली – बारा वर्षांची, डोळ्यांत बघत नाही, घंटा एक मिनिट उशिरा झाली तर कासावीस होते. हे नाव मात्र तिने स्वतः घेतलंय, अभिमानाने. माझ्या टेबलावर एक वही ठेवली आणि माझ्या खांद्याकडे बघत म्हणाली, "नोंद पान एकपासून आहे."

पान एक. एप्रिलची तारीख. खाली –
बंद – ३:५२ – ९.
बंद – ४:०७ – १२.
बंद – ४:०९ – ७.

पानंच्या पानं! रोजची तारीख, वेळ, सेकंद. कुठल्या दिवशी अकरा नोंदी, कुठल्या दिवशी वीस. कालच्या शेवटच्या ओळीत – बंद – ५:०१ – १३. बाईंनी हलवलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तीन वेळा. तुम्ही म्हणालात, चुगल्या करायच्या नाहीत."

म्हणाले असेन. नाही – म्हणाले होतेच. तिने त्याचीही वेळ लिहून ठेवली आहे.

९ ऑगस्ट

आज काही शिकवलं नाही. मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि मोबाइलवर वेळ लावून ढगाबाईसमोर बसले.

दोन तासांत चौदा वेळा.

पेन्सिल चालता चालता थांबते. पापण्या बारीक थरथरतात. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. आठ, नऊ, दहा... आणि पुन्हा पेन्सिल सुरू! एकदा तर बोलता बोलता थांबली – "बाई, मला हिरवा..." – अकरा सेकंद – "...खडू द्या ना." जणू मध्ये काही घडलंच नाही.

दीड वर्ष ही मुलगी माझ्यापासून तीन हातांवर बसते. मी मुलं बरोबर ओळखते, असं चार लोकांत सांगत असते मी!

केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, "आपण डॉक्टर नाही. उगाच आईबापांना घाबरवू नका. उद्या काही निघालं नाही तर तोंडघशी पडू." घरी हे म्हणाले, "मीही तू बोलायला लागलीस की असाच बंद पडतो." एरवी मी हसले असते. ताटावरून उठले.

१० ऑगस्ट

आईला बोलावलं. लाँड्रीत इस्त्री करते ती. उभ्याउभ्याच आली, बोटांवर जुने चटके. मी जमेल तितकं सांभाळून सांगितलं – असं असं होतंय, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

"म्हणजे वेडी आहे का माझी पोरगी?"

"नाही हो! अजिबात नाही. उलट मला वाटतं, ती मुद्दाम करत नसावी."

 तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. आमचंच प्रगतिपत्रक, मार्चमधलं.

"हे तुम्हीच लिहिलंत ना, बाई? वाचा."

वाचलं. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही. मुद्दाम करते. घरी समज द्यावी.'

"दिली समज. तिच्या बाबांनी पट्टीने दिली. हाक मारली आणि ओ दिली नाही की एक. आता तुम्ही म्हणता, मुद्दाम करत नाही? मग आम्ही काय केलं हो इतके दिवस?"

 ती कागदाची पुन्हा तशीच घडी घालून निघून गेली. दवाखान्याचं हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

११ ऑगस्ट

पट्टीने.

१४ ऑगस्ट, सोमवार



सहाला मुलं सोडली. ढगाबाईला घ्यायला आई येते, ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती. रोज आईने हात केला की पोरगी पळत जाते. आज मी म्हटलं, चल, मी सोडते. हात धरला. का धरला? ती वही वाचली होती म्हणून, दुसरं काय!

अर्ध्या रस्त्यात हाताला एकदम ओढ बसली. ती थांबली होती. वळणावरून ट्रक. भोंगा इतका मोठा की कानठळ्या बसल्या – आणि ही शांत! पापण्या थरथरताहेत. उचलली. कशी उचलली कोण जाणे, सव्वीस-सत्तावीस किलोची तरी असेल. कडेला जाऊन दोघी आपटलो. माझा गुडघा फुटला. ट्रक गेल्यावर ती म्हणाली, "बाई, तुम्ही पडलात?"

आईने सगळं पाहिलं होतं. पोरीचे उघडे डोळे पाहिले होते. जवळ आली, मुलीला घट्ट धरलं, आणि मला एवढंच म्हणाली, "कधी जायचं डॉक्टरकडे?"

१८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी नऊ ते दुपारी दोन दवाखान्यात. आई, बाबा, मुलगी आणि मी. बाबांना मी राक्षस समजत होते. बारीकसा माणूस, सतत घसा खाकरणारा, मुलीची पाण्याची बाटली छातीशी धरून बसलेला.

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात. डॉक्टर तरुण होती. तिने ढगाबाईच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं. "फुंकत राहा हं, थांबायचं नाही." पहिलं मिनिट भिरभिरं छान फिरलं. दुसऱ्या मिनिटाला थांबलं.

आणि समोरच्या पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम उसळल्या! वर-खाली, वर-खाली, नुसती दातेरी करवत. इकडे तिचा चेहरा मात्र रोजचा. वर्गातला. मी ज्याला 'लक्ष नाही' म्हणत होते, तोच. बारा सेकंद. मग रेषा खाली बसल्या आणि तिने पुन्हा फुंकायला सुरुवात केली.

"ही फिटच आहे," डॉक्टर म्हणाली. "यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. म्हणून कुणाला कळत नाही. दिवसाला पन्नास-साठ होत असतील."

बाबांनी विचारलं, "मारलं... म्हणून झालं का?"

"नाही. मारल्याने होत नाही." डॉक्टर तिच्या डोक्यावरच्या तारा काढत होती. "आणि मारून जातही नाही."

ते उठून बाहेर गेले. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते. त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. कुठल्या तोंडाने जाणार? पट्टी त्यांची, पण हुकूम माझाच ना!

रोज दोन वेळा औषध. एकटीने पोहायचं नाही, उंचावर चढायचं नाही. बऱ्याच मुलांचं मोठेपणी थांबतं, म्हणाली. मग मी सोबत नेलेली घड्याळची वही चाळली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं? इतकी चांगली नोंद मला मोठ्या माणसांकडून मिळत नाही."

मी म्हटलं, "आमच्या वर्गातल्या एका मुलीने. आम्ही तिला चुगलखोर म्हणायचो."

२१ ऑगस्ट, सोमवार

सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. आधी घड्याळची. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "चार वाजून दोन मिनिटं झाली. चारला वाचन असतं." संपलं!

मग दुसरीची. नाव मी पाडलं, ते मीच परत घेते, असं सांगितलं. ती रंगवत होती. मान वर न करता "बरं" म्हणाली. घड्याळने विचारलं, "मग वहीत काय लिहू?"

"माझं नाव लिही की," ती म्हणाली.

साधी गोष्ट. पण त्या नावाने हाक मारताना माझी जीभ दोनदा अडखळली. दीड वर्षात कधी मारलीच नव्हती!

४ सप्टेंबर

आज वहीत सहा 'बंद'. गेल्या सोमवारी अकरा होते. औषधाने जरा पेंगते. बाबा न्यायला येतात हल्ली. माझ्याशी बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. मीही हलवते.

१५ सप्टेंबर

सगळी जुनी प्रगतिपत्रकं काढून बसले. केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, "जुनं उकरून काय मिळणार आहे?" 'मुद्दाम करते', 'मुद्दाम करतो' – माझ्याच अक्षरात, एकोणतीस मुलं. काही आता नोकऱ्या करत असतील. त्यांना घरी काय काय मिळालं असेल? पुढचं पान उलटायचा धीर होईना.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आठ दिवस एकही नाही. घड्याळची पानं कोरी.

आज गोष्ट वाचून दाखवली. जिच्यासाठी ती वही, ती मुलगी सुटताना मुद्दाम मागे राहिली. सगळे गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, तुम्हाला आता गोष्ट छान वाचता येते. आधी तुम्ही मधलं मधलं गाळायचात. तुम्हाला जमत नाही असं वाटलं मला. पण मी कुणालाच सांगितलं नाही हं."