अर्ध्या इंचाची गोष्ट

२६ मार्च, सकाळी ११
सगळं बंद. साथ आली आहे म्हणे. पंधरा दिवसांत आटोपेल, मी लिहून देतो. काचेच्या धंद्याला काही होत नाही. माणसं आहेत तोवर खिडक्या आहेत. ठराव: या सुट्टीत पोट कमी करायचं, इंग्लिश सुधारायचं, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं.

२७ मार्च
शेजारच्या बाल्कनीतला गृहस्थ पाच वेळा शिंकला. मास्क हनुवटीला. किळस आली. तो गिऱ्हाईक नाही, त्यामुळे गोड बोललो नाही.

९ जून
पंधरा दिवस जरा लांबले. दुकान उघडलं. ही म्हणाली, सगळ्यांना काउंटरवर काचेचं पार्टिशन हवंय, ऑर्डरी घेऊन या. मी म्हटलं, फॅशन आहे, महिन्यात जाईल. आपण असल्या तात्पुरत्या गोष्टींच्या मागे लागत नाही.

३० जून
समोरच्या भुशानं (आहे सुतार, पण भुवयांतसुद्धा भुसा असतो) लाकडी चौकटीत प्लॅस्टिक बसवून अख्ख्या रस्त्याला पार्टिशनं विकली. प्लॅस्टिक! चार दिवसांत ओरखडे. पलीकडचा माणूस मोतीबिंदूतून पाहिल्यासारखा दिसतो. लोकांची आवड रसातळाला गेली आहे.

४ जुलै
मेडिकलवाल्याची ऑर्डर मिळाली. (हिनं मागून आणली, ते महत्त्वाचं नाही.) अस्सल काच, मध्ये बोलायला भोक. माप मी स्वतः घेतलं.

६ जुलै
मेडिकलवाल्याचा फोन. भोक पोटाच्या उंचीवर आलंय म्हणाला. माप घेताना मी स्टुलावर बसलो होतो, त्याला मी काय करू? आता गिऱ्हाइकं वाकतात, मास्क काढतात आणि भोकाला तोंड लावून खोकल्याचं औषध मागतात. दिवसभर सगळी त्याच भोकाला. पुसायला मला बोलावलं. काय काय चिकटलं होतं ते लिहीत नाही. जेवण गेलं नाही. ठराव: किरकोळ कामं बंद.

१८ ऑगस्ट
गिऱ्हाईक शून्य. ही म्हणाली, आणखी दोन महिने असेच गेले तर दुकान सोडावं लागेल. बाबांचं दुकान! ही फार लवकर घाबरते. मला फक्त छातीत धडधडतं, ते गॅसमुळे.

२ सप्टेंबर
मोठी बातमी. कामं गेलेल्यांचा मोर्चा निघणार, आपल्याच रस्त्यावरून. पलीकडच्या शहरात परवा अशाच मोर्च्यात दगडफेक झाली आणि अख्ख्या बाजाराच्या काचा गेल्या. हिला सांगितलं तर म्हणाली, अरेरे. अरेरे काय? दगड म्हणजे फुटलेल्या काचा, आणि फुटलेल्या काचा म्हणजे मी. वाईट वाटतंच. पण कुणीतरी लोकांची सेवा करायला हवी.

३ सप्टेंबर
मास्टर प्लॅन. टफन काच! दगडाला सहज दाद देत नाही. आपल्या रस्त्यावरची सगळी दुकानं एकाच बिल्डरनं बांधली, म्हणजे सगळ्या शोकेस एकाच मापाच्या. आपल्या दुकानाचं माप दिलं आणि चाळीस काचा मागवल्या. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. ही म्हणाली, चार दुकानांची मापं तरी घेऊन या. लोकांच्या दारात टेप लावत फिरू? म्हणाली, टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही ना? मला शिकवते. तीस वर्षं या धंद्यात आहे मी.

११ सप्टेंबर, दुपारी ४
मोर्चा झाला. शांततेत! सहा-सहा फुटांवरून, हात जोडून! एकानं माझ्या शोकेसला पंजा टेकला, तेवढंच. तेलकट ठसे उरले. या माणसांत काही दमच राहिलेला नाही.

१४ सप्टेंबर
झालं! आज पुन्हा मोर्चा निघाला, त्यावर लाठ्या चालल्या, लोक पांगले, दगड आले. चोवीस दुकानांच्या काचा फुटल्या. (माझीही. ती साधी होती. टफन सगळ्या मागे गोडाऊनमध्ये.) मेडिकलवाल्याच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तो फरशीवर बसून काचांमधून गोळ्यांची पाकिटं वेचत होता. मी धीर दिला आणि कार्ड पुढे केलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की दोन मिनिटं मला माझीच किळस आली. मग फोन वाजायला लागला.

१५ सप्टेंबर
पहिलं दुकान चपलांचं. काच अर्धा इंच मोठी. चौकटीचा दोष. दुसरं दुकान, अर्धा इंच मोठी. पाचवं, तेच. घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, बाबांनी आपली शोकेस मुद्दाम मोठी करून घेतली होती, तुम्ही तिथेच तर उभे होता.
रात्री १२.३० – काच कापायची हिरकणी फिरवून पाहिली. अख्ख्या काचेचं खडेमीठ झालं.
१.१० – दुसरी. कडा घासून पाहिली. खडेमीठ.
१.४० – ही म्हणाली, अहो, बास.

१६ सप्टेंबर
एक काच बरोब्बर बसली. माझ्याच दुकानाला. बाकी चोवीस... नाही, तेवीस दुकानांना भुशानं प्लायवूड ठोकलं. रस्ता खोक्यांचा झाला. मेडिकलवाला आतून बल्ब लावून बसतो. कुणालाच उजेड नको आहे. शी.

५ ऑक्टोबर
दुकान भुशाला दिलं. त्याला प्लायवूड ठेवायला जागा हवी होती. लोकांना वाटेल मी हरलो. ही निव्वळ विश्रांती आहे. बाबांची पाटी उतरवताना हिनं खालून शिडी धरली होती. मला रडू आलं. धुळीमुळे असावं.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
आजपासून भुशाकडे. कन्सल्टंट, असं मी धरून चाललो आहे. सकाळी एका बेकरीच्या दाराचं माप घ्यायला गेलो. टेपचं शून्याचं टोक माझ्याकडे. दुसऱ्या टोकाचा आकडा तो वाचतो. मी आकडा विचारला, तर म्हणाला, तुम्ही नुसतं धरा.