पाचवं समीकरण

९ जानेवारी १९५६

"चालकाची चूक." चौकशीचा अहवाल आला. सव्वीस पानं, आणि शेवटी हे दोन शब्द! आगरताळ्याहून डमडमला येणारं मालवाहू विमान, नोव्हेंबरचं वादळ, बारासातपलीकडचं शेत. कप्तान होता दादा; तो गेला, सहवैमानिक गेला. रेडिओ ऑपरेटर श्यामसुंदर तेवढा वाचला, तो अजून इस्पितळात आहे.

आप्पांनी अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "वृंदा, गुरुदत्त चुकला म्हणतात." शाळेतून तक्रार आल्यासारखं. जेवले नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला नाही. महाराष्ट्र मंडळातले एक गृहस्थ भेटायला आले. बसल्या बसल्या म्हणाले, "तरुण मुलं, जरा धाडसी असतातच हो." आप्पा उठून आत गेले. ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मी चहासुद्धा विचारला नाही.

आप्पा बाहेर पडत नाहीत. सकाळची कालीघाटपर्यंतची फेरीही बंद.

१९ जानेवारी

अहवाल पुन्हा वाचला. शेतातल्या माणसाची जबानी आहे: "नाक वर, खाली, वर, खाली — दर वेळी जास्त." दर वेळी जास्त! घाबरलेल्या माणसाचा हात असा नेमाने चालेल? हे झोके आहेत. मी मुलींना झोक्यांचंच गणित शिकवते!

विमानात ऑटोपायलट होता. नाक वर गेलं की तो शेपटीची पट्टी हलवून ते खाली आणतो, खाली गेलं की वर. चूक मोजायची आणि उलटी परत घालायची — फीडबॅक. तोच बिघडला असेल तर?

हरकत घ्यायला २९ फेब्रुवारीपर्यंत मुदत आहे.

२३ जानेवारी

चार समीकरणं मांडली. पुढे जायचा वेग, वरखाली वेग, नाक फिरण्याचा वेग, नाकाचा कोन. सुट्टी सुट्टी पाहिली तर डोकं फिरतं. प्रत्येकातली बदलाची पदं डावीकडे, बाकी सगळं उजवीकडे, आणि मग एकच चौकट — चार बाय चार मॅट्रिक्स. ऑटोपायलटचा गुणांक, म्हणजे चुकीला तो किती जोराने उत्तर देतो तो आकडा, शेवटच्या स्तंभात.

उत्तर: झोके विरतात. विमान स्थिर. म्हणजे दादा चुकला.

२४ जानेवारी

काही नाही.

२८ जानेवारी

माझ्या वर्गातली लीना दास. तिचे वडील डमडमला विमानांत उपकरणं बसवतात. आज तीच वर्गानंतर थांबली. "दीदीमणि, बाबा म्हणतात, तुम्हाला काही विचारायचं असेल तर घरी या." मी कुणाला काही बोलले नव्हते. चेहऱ्यावर दिसत असेल.

२९ जानेवारी

गेले. डमडम स्टेशनमागे दोन खोल्या. हरिपदबाबू पन्नाशीचे, हळू बोलतात. बायकोने मुरी, म्हणजे आपले कुरमुरे, आणि चहा दिला. "कप्तान माझ्याशी हसून बोलायचे," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. मग वही काढली. ऑटोपायलटचा गुणांक, पट्टी किती उशिरा हलते, सगळं त्यांच्या अक्षरात. म्हणाले, "मी थोडा कडक लावला होता, दीदी. वैमानिकांची तक्रार होती, ढिला आहे म्हणून." लपवलं नाही काही. मीच विचारलं नसतं तरी सांगितलं असतं, असा माणूस.

उशीर! ते मी धरलंच नव्हतं. पट्टी लगेच हलत नाही, जवळजवळ अर्ध्या सेकंदानं हलते. म्हणजे पट्टीचं स्वतःचं समीकरण हवं. पाचवं.

७ फेब्रुवारी

पाच बाय पाच. कॉलेजातल्या आकडेमोडीच्या मशीनचं हँडल फिरवून दंड दुखतो. तरीही स्थिर! दर वेळी स्थिर! काय मिळवतेय मी हे करून? मेलेल्या माणसाला आणखी एकदा दोषी ठरवतेय, एवढंच.

आप्पा दारात येऊन उभे राहिले. "जमलं का गं?" गणितातलं त्यांना काही कळत नाही. "नाही," म्हटलं. "बरं," म्हणाले आणि गेले. ते "बरं" ऐकवत नाही.

११ फेब्रुवारी

इस्पितळात गेले. श्यामसुंदरचा जबडा तारेने बांधलाय, दोन्ही हात भाजलेले, पट्ट्यांत. मी म्हटलं, "मी गुरुदत्तची बहीण." त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. विचारलं, "नाक वरखाली होत होतं?" मान हलवली — हो. "वाढत गेलं?" हो. आणखी विचारणार तोच नर्स आली. "बस, आता पुरे!"

तो काहीतरी सांगायला बघत होता. मान जोरजोरात हलवत होता.

१६ फेब्रुवारी

सरस्वतीपूजा. आज इथे कुणी पुस्तकाला हात लावत नाही. मी लावला — आणि चूक सापडली! माझी चूक! नाक फिरण्याच्या समीकरणात वरखाली वेगाच्या बदलाचं एक पद होतं, ते मी उजवीकडेच राहू दिलं होतं. बदलाची सगळी पदं डावीकडे यायला हवीत. मग डावीकडे कर्णावर एक, बाकी शून्य अशी साधी चौकट राहत नाही, तिचा व्यस्त काढून उजवीकडे गुणावं लागतं. पहिल्या दिवशी शिकवते मी हे!

सगळी चौकट बदलली. पुन्हा मशीन.

१९ फेब्रुवारी

स्थिरतेच्या कसोटीत चिन्ह दोनदा बदलतं. म्हणजे वाढत जाणारा झोका. दर झोका मागच्यापेक्षा मोठा, साडेतीन सेकंदांचा एक. गुणांक कडक आणि हालचालीला उशीर — या दोन गोष्टी एकत्र आल्या की विमान स्वतःच स्वतःला झोके देतं. गुणांक ढिला केला की विरतात. तीनदा तपासलं. बरोबर आहे.

आप्पांना सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरलेला. "म्हणजे तो चुकला नाही?" "नाही." मग रडले. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा.

२१ फेब्रुवारी

गुणांक कडक. कुणी लावला?

हे लिहायचं टाळत होते. अर्जात आकडा हवा, आकड्याला आधार हवा, आधार म्हणजे हरिपदबाबूंची वही. त्यांना सांगायला गेले. ऐकून त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "गणित खरं आहे ना? मग लिहा." बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. या वेळी चहा आला नाही.

परतताना वाटलं, श्यामसुंदरला आणखी एकदा भेटावं. बस तिकडूनच जात होती. उतरले नाही.

२७ फेब्रुवारी

अर्ज दिला. अकरा पानं, शेवटी मॅट्रिक्स. कारकुनाने पान उलटंसुलटं करून शिक्का मारला.

२० मार्च

मान्य! दोन प्राध्यापकांनी गणित तपासलं, एक चूक नाही. "चालकाची चूक" हे शब्द काढले. आप्पांनी कोट घातला, टोपी घातली, मंडळात गेले. तासाभराने परत आले ते बोलतच. कोण काय म्हणालं, कुणी हात धरला. जेवताना भात मागून घेतला.

खाली दुसरं वाक्य आहे, ते त्यांना वाचून दाखवलं नाही. "उपकरण जुळवणीतील हयगय." हरिपदबाबू आजपासून निलंबित.

२३ मार्च

लीना वर्गात होती. पहिल्या बाकावर, नेहमीसारखी. मी फळ्याकडे वळले तरी पाठीवर तिची नजर. तास संपला. ती म्हणाली, "दीदीमणि, बाबांनी नमस्कार सांगितलाय." फक्त एवढंच. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

२६ मार्च

ती आज आली नाही. विचारलं तर मुली म्हणाल्या, कॉलेजातून तिचं नाव काढून घेतलं.

मी खरं तेच लिहिलं होतं. गणित खरं आहे. मग घास का जात नाही?

२ एप्रिल

श्यामसुंदरचा जबडा सोडला. निरोप आला म्हणून गेले. शब्द फुटके येतात, पण कळतात. "त्या दिवशी... तेच सांगत होतो. ऑटोपायलट बंद होता, ताई. आगरताळा सोडल्यापासून. कप्तान म्हणाले, वादळात यंत्रावर नको, मी हाताने नेतो. सोळा तासांची ड्यूटी झाली होती. हात उशिरा पडत होता... मग जोरात पडत होता."

कडक गुणांक. अर्ध्या सेकंदाचा उशीर. पाचवं समीकरण यंत्राचं नव्हतं, दादाच्या थकलेल्या हाताचं होतं.

आप्पा बाहेरच्या खोलीत कुणाला तरी माझी अकरा पानं दाखवतायत. मी नवा कागद घेतला आहे. पहिली ओळ लिहिली: "श्री. हरिपद दास यांचा काही दोष नाही."