पदराची मॅक्सी

११ मार्च १९८७, मानवत
सकाळपासून तीन झंपर, एक परकर. काजं राहिलीत. दुपारी शेजारच्या वकीलसाहेबांची नवी सून विजया आली, मागच्या दारानं. पिशवीत वर मेथीची जुडी, खाली पुण्याहून आणलेली मॅक्सी. "ताई, अशीच अजून एक शिवून द्याल? ही एकच आहे, धुतली की प्रश्न." उलटी करून पाहिली. गळ्याला पट्टी, छातीवर चुण्या, खाली सरळ घेर. शिवायला काही अवघड नाही. अवघड ते लपवायला. माझं मशीन ओसरीत आणि आत्याबाई दिवसभर तिथंच, चार हातांवर. सासूचं लक्ष सुपारीत आहे असं वाटतं, असतं सुईवर.
मापाच्या वहीत नुसतं 'म' लिहिलं. कुणी विचारलं तर मंगल नावाचं गिऱ्हाईक.

१९ मार्च
विजयाची झाली. आत्याबाई देवळात गेल्या की शिवायची, असं करत आठ दिवस. तिच्या खोलीत कडी लावून घालून पाहिली तिनं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोनदा चालली नि म्हणाली, "सासरी आल्यापासून पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं." मला उगीच भरून आलं. आठ वर्षांत किती झंपर शिवले, असं कुणी म्हणालं नाही.
ती खोलीबाहेर जाताना मात्र मॅक्सीच्या खांद्यावर पंचा टाकते. सासरे बैठकीत असतात ना. पंचा म्हणजे पदर. हसावं का काय करावं.

२ एप्रिल
सहा 'म' झाले. सगळ्या मागच्या दारानं येतात आणि सगळ्या बहिणीसाठीच शिवून घेतात. एकीची बहीण औरंगाबादला, एकीची नांदेडला. माप मात्र स्वतःचं देतात. मानवतच्या बायकांना एवढ्या बहिणी असतील असं वाटलं नव्हतं.
ऊन लागायलंय. पहाटे नळावर ओली झालेली साडी नऊ वाजेपर्यंत अंगावरच वाळते. त्यातच स्टो, त्यातच भाकरी, त्यातच पोरांचं आवरणं. मला स्वतःला एक शिवावीशी वाटते. कापड घेतलं नाही अजून.

९ एप्रिल
परभणीला नामांतराचा मोर्चा. एस.टी. बंद, जिनिंग बंद, म्हणून हे दिवसभर घरी. पेपर वाचत मशीनशेजारीच बसले. मी झंपराच्या ढिगाखाली मॅक्सी सारली होती, तिचा घेर बाहेर आला. हातात धरून उचलला. वर येतोय येतोय, संपेना.
"एवढा लांब झंपर कुणाचा?"
आत्याबाईंनी सुपारी थांबवली.

१० एप्रिल
व्हायचं ते झालं. गल्लीतल्या गोदाकाकू समोरच्या दारानं आल्या, आवाज चढवूनच. "तुमच्या सुनंनं गल्ली नासवली. आमची सून नळावर झगा घालून हुबी. बाप्या माणसानं पाहावं तरी कुठं?" मागं त्यांची सून उभी होती, जिनं नांदेडच्या बहिणीसाठी म्हणून दोनदा माप बदलून घेतलं ती. खाली पाहत म्हणाली, "मला तर ताईनंच आग्रह केला."
मी! आग्रह!
संध्याकाळी हे बोलले. "असली विलायती थेरं आपल्या घरातून न्हाई निघाली पाहिजेत. चार लोकात वावरायचं असतंय मला."
बोलताना अंगात टेरिकॉटची पँट, इन केलेला शर्ट, पायात बूट, मनगटावर घड्याळ. मामंजी जन्मभर धोतर नेसले. ह्यांनी कॉलेजात असताना पहिली पँट शिवली तेव्हा कुणी दारात येऊन ओरडलं होतं का? उलट मामंजींनी पेढे वाटले होते म्हणे, पोरगा साहेब झाला. पुरुषानं विलायती घातलं तर साहेब, बाईनं घातलं तर थेरं. हे तोंडावर म्हणायला हवं होतं. इथं लिहून काय उपयोग.

१२ एप्रिल
मशीनचा पट्टा काढून ह्यांनी कपाटात ठेवला, कुलूप लावून. आता चाकाला पाय लावला की नुसतं खालचं चाक फिरतं. माहेरहून आलेलं मशीन आहे माझं. पट्ट्याशिवाय ते म्हणजे लोखंडाचा टेबल. बायकांनी आपापली कापडं नेली. विजया येऊन म्हणाली, "माझ्यामुळं झालं." मी म्हणाले, तसं काही नाही. होतं तसंच.

१६ एप्रिल
आत्याबाईंचा उजवा खांदा धरलाय. हात मागं जात नाही, कासोटा खोवता येत नाही. आता रोज पहाटे मी लुगडं नेसवते त्यांना. नऊवार, तेही जाड. त्या हात वर धरून उभ्या, मी भोवती फिरते. अबोला धरून लुगडं नेसवता येत नाही, इकडं वळा तिकडं वळा म्हणावंच लागतं. आज निऱ्या घालताना आपणहून बोलल्या.
"माझ्या सासूबाई गाठीची चोळी घालायच्या. मी ह्या घरात पहिला गुंड्याचा झंपर घातला तर त्यांनी आठ दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. म्हणायच्या, मडमीण आणली घरात."
"मग?"
"मग काय. आता झंपर न्हाई घातला तर नावं ठेवत्येत."
एवढं कळतं तर मग गोदाकाकू ओरडत होत्या तेव्हा नुसती सुपारी कातरत का बसल्या? विचारलं नाही. त्यांना कळ येत होती.

२१ एप्रिल
आज माझा तोल गेला. जेवताना हे पुन्हा तेच, पदर नाही म्हणजे बाईला वळण नाही. मी म्हणाले, "मग पदरासकट शिवून देऊ का मॅक्सी? खांद्यावरून अडीच हात सोडते लोंबता." टोमणा होता. सरळ सरळ टोमणा.
ह्यांनी घास थांबवला. विचार केला. "हां. तसं चालंल."
जेवण झाल्यावर उठून पट्टा आणून दिला.

२३ एप्रिल
रागानंच शिवली. गोदाकाकूंच्या सुनेसाठी. डाव्या खांद्यात त्याच कापडाची अडीच हाताची पट्टी, दुहेरी टिप घालून पक्की. ना साडी ना झगा, बैलावर झूल टाकल्यासारखी दिसते. म्हटलं, गल्ली हसेल आणि विषय संपेल. समोरच्या दारानं नेऊन दिली, सगळ्यांदेखत.
कुणी हसलं नाही.

२९ एप्रिल
पदराच्या मॅक्सीची अकरा मापं. गोदाकाकू ओसरीत बसून आत्याबाईंना सांगायल्यात, "डोकं हाय तुमच्या सुनंला. लाज बी राहिली अन् पोरींची सोय बी झाली." आता वहीत 'म' लिहायची गरज नाही. बायका पुढच्या दारानं येतात, बरोबर सासवा असतात. काल तर पाथरीहून एक गृहस्थ स्वतः कापड घेऊन आले, सुनेसाठी. म्हणाले पदर जरा लांब ठेवा. हे जिनिंगमध्ये सांगत फिरतात, आमच्या मंडळींनी काढली फॅशन. आमच्या मंडळींनी.
एवढी गिऱ्हाइकी मला जन्मात नव्हती. मशीनवर बसले की हात थांबत नाहीत आणि मनात सारखी चिडचिड. जे चांगलं शिवलं ते चोरून द्यावं लागलं, जे वाकडं शिवलं त्याला गल्ली डोक्यावर घेऊन नाचतेय. लावण्यासाठी कापून ठेवलेल्या पदरांचा ढीग पाहिला की तो उचलून चुलीत घालावासा वाटतो.

३ मे
विजया आली. पुढच्या दारानं. हातात तिची जुनी मॅक्सी, मी शिवलेली.
"सासऱ्यांनी सांगितलं, हिलाही पदर लावून आणा."
मी म्हणाले, चल, तेवढं काय, तू पंचा टाकतच होतीस.
तिनं मॅक्सी मशीनवर ठेवली. मग म्हणाली, "पंचा खोलीत आलं की काढून ठेवता यायचा, ताई."
दिलं शिवून. टिप घालताना वर पाहिलं नाही. ती गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "पोरगी का रडायली?" मी म्हणाले, सर्दी.

८ मे
चार दिवसांपूर्वी ह्यांनी माझ्यासाठी कापड आणलं. निळं, बारीक पांढऱ्या फुलांचं. आठ वर्षांत पहिल्यांदा न सांगता आणलेलं कापड, म्हणून आनंद व्हायला हवा. "तू बी शिव की आता. पदराची." दोन दिवसांत शिवली. घातली.
साडीचा पदर कमरेला खोचता येतो. हा खोचायचा कुठं? कमरच नाही मॅक्सीला. भाकरी थापताना परातीत येतो, नळावर बादलीत जातो. सेफ्टी पिन लावली तर मान वळत नाही. आज स्टोवर टोक जळलं. वेळेवर लक्ष गेलं म्हणून. हे म्हणाले, "सवय न्हाई तुला, होईल."
अकरा, बारा, आता वीस घरांत असंच चाललं असेल. कुणाचं टोक जळलं असेल का, विचारायचं धाडस होत नाही. शिवल्या मीच सगळ्या.

१४ मे
आत्याबाईंचा खांदा तसाच. डॉक्टर म्हणाले अजून चार-सहा महिने. आज दुपारी त्यांनी ट्रंकेतून एक छापील कापड काढून माझ्यापुढं ठेवलं, भाचीनं दिलेलं.
"मला बी एक शिव. नऊवार नेसवून घ्यायचा कंटाळा आला. लहान लेकरागत हात वर करून किती दिवस हुबं राहू."
मी माप घेतलं. वहीत लिहिता लिहिता विचारलं, "पदर किती ठेवू?"
"पदर?" त्या माझ्याकडं पाहत राहिल्या, मी काही खुळचट विचारल्यासारखं. "ह्या वयात कुणासाठी घ्यायचा पदर? बिनपदराची शिव. अन् बाह्या मोकळ्या ठेव."

१८ मे
आत्याबाईंनी आज घातली. हात अडकला तेवढं मी सावरलं, बाकी आपली आपण. लुगड्याला पाऊण तास लागायचा. ओसरीत पाय लांब करून बसल्या, भिंतीला टेकून, वारं घेत. गोदाकाकू येऊन बसल्या. पाहिलं, आणि मिरच्यांचा भाव विचारला. एवढंच. त्यांची नजर खांद्यावर गेली होती, मी पाहिलं, पण म्हाताऱ्या बाईला कोण काय म्हणतं.
मला खरंच बरं वाटलं त्यांना पाहून. आणि रागही आला, दोन्ही एकदम.
काकू गेल्यावर मी विचारलंच. "आत्याबाई, मी घातली अशी तर?"
त्यांनी सुपारी घेतली. हात उचलत नाही म्हणून आता डाव्या हातानं कातरतात. "लय मऊ वाटतंय बाई," म्हणाल्या आधी. मग म्हणाल्या, "वीस-पंचवीस वर्षं कळ काढ. पोरांची लग्नं होऊ दे, सुना येऊ दे. मग तू बी घाल. तुला तरी कोण काय म्हणणार?"
वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या. तेच लागलं.

१९ मे
आज मशीनवर काही घेतलं नाही. तीन मापं पडून आहेत. दुपारी जेवणं झाल्यावर माझी निळी मॅक्सी मांडीवर घेतली आणि ब्लेडच्या पात्यानं खांद्याची शिवण उसवायला बसले. माझीच दुहेरी टिप, लवकर सुटत नाही. आत्याबाई समोरच होत्या, पाहत होत्या. चार बोटं उसवलं तोवर हे आले. आज लवकर.
दारातूनच विचारलं, "काय करायलीस?"
"उसवायलेय."
"काय चुकलं?"
विचारून हातपाय धुवायला गेलेत. तेवढ्यात हे लिहितेय. येतीलच आता.