तपनले सांगितलं नाई

३ सप्टें., चंद्रपूर
पुण्याहून सरांचा मेल. ताऱ्यांच्या क्ष-किरणांच्या कामात पुढच्या वर्षी मुदतवाढ एकालेच. म्हंजे मी, नाईतर तपन. मुलचेऱ्याचा, बंगाली, मले तीन वर्षं ज्युनिअर. कॉलेजच्या एकाच खोलीत बसतो दोघं. सरांचा लाडका तोच.

९ सप्टें.
तपन नाचतच आला. "ताई, सापडलं!" आमची दोन ताऱ्यांची जोडी, एक मेलेला, दुसऱ्याले चोखून राह्यला. एकमेकांभोवती फिराले त्यांले किती वेळ लागते तेच तर शोधून राह्यलो. ह्याच्या आलेखात दर दीड तासाले खड्डा, एकदम साफ. पाह्यल्याबरोबर समजली मी. हा फेरा ताऱ्यांचा नाई, दुर्बीण नेणाऱ्या उपग्रहाचा. तो पृथ्वीमागं जाते, तारा झाकला जाते, झालं! पहिल्या वर्षी मीही हेच शेण खाल्लं होतं. सरांनी सगळ्यांसमोर सोललं होतं मले.
"बरोबर आहे ना, ताई?"
"मस्त," म्हटलं.

११ सप्टें.
त्याच्या आईनं संदेश पाठवले, छेन्याची बंगाली मिठाई, घरी बनवून. दोन खाल्ले. त्याले सांगावं का? मले कोणी सांगितलं होतं?

१४ सप्टें.
ऑनलाइन मीटिंग. सर गोड बोलले तवाच समजलं. "तपन, उपग्रह पृथ्वीभोवती किती वेळात फिरतो रे?" दीड तास, हे उत्तर त्याच्याच तोंडून काढलं. सगळे हसले. मीही हसली.
"आधी कुणाला दाखवलं नव्हतंस?"
"नाही सर."
माझ्याकडं पाह्यलंही नाई. मेल्यानं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

२२ सप्टें.
मुदतवाढ मले. बाबा गल्लीभर सांगून राह्यले. तपन गावी गेला, फोन बंद. गेला तर गेला. इतकं नाजूक राहून चालते का?

४ ऑक्टो.
सरांनी त्याचा डेटा मले दिला. तारा झाकला जाते तेवढा वेळ कापला, पुन्हा हिशोब चालवला. खाली आहे दुसरा खड्डा! बारीक, पण दर सव्वापाच तासाले. तीनदा तपासलं. उपग्रहाच्या फेऱ्याची पटही नाई. ताऱ्यांचाच आहे. तवा एक शब्द बोलली असती तर दोन दिवसांत त्यालेच सापडलं असतं. लय घाण वाटून राह्यलं.

५ ऑक्टो.
सरांचा मेल : "उत्तम! पेपर पाठवू, लेखकांची नावं कळव." माझं लिहिलं. पुढं स्वल्पविराम दिला. आईनं जेवाले हाक मारली, तसाच ठेवून उठली.